कटरच्या आधी काटा: मिल्ट्रीचा फोर बाय फोर ट्रक कामाला लावायचा असेल तर

नाशिकजवळच्या देवळाली कॅम्प, भगूर साइडच्या लोकांना वेगळं सांगायला नको, तोफखान्याच्या शाळेमुळे आपण लहानपणापासून रस्त्यावर सैन्याचे स्टॅलियन ट्रक बघतच मोठे झालोय, मागे तोफ जोडलेली, एकामागे एक दहा-बारा गाड्या, आणि आपली शाळेची रिक्षा कडेला उभी. किडा तेव्हाच डोक्यात शिरतो. मग वीस वर्षांनी हातात दोन पैसे आले की कोणीतरी लिलावातल्या गाडीचा फोटो पाठवतं आणि झोप उडते.

अंबडला माझं छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे. तिथे अधूनमधून एखादा गडी येतोच, "भाऊ ट्रक घेतलाय, टँकर करून द्या", नाहीतर "रिकव्हरी व्हॅन करायचीये". २०२७ चा सिंहस्थ जवळ येतोय म्हटल्यावर तर इमर्जन्सी गाडी बनवायची आयडिया दर दुसऱ्याला सुचतेय. आणि गोष्ट दरवेळी तीच, ट्रक आधी घेतलेला असतो आणि विचार नंतर सुरू होतो. मी आजवर जेवढी अशी कामं बंद पडलेली बघितली त्यात इंजिनामुळे बंद पडलेलं एखाददुसरं असेल, बाकी सगळी एकतर कागदावर अडकली नाहीतर वजनकाट्यावर. म्हणून हे सगळं ओळीने लिहून काढतोय, नवीन माणसाने याच ओळीने जावं.

पहिलं: काम एका वाक्यात लिहा

कागद घ्या आणि लिहा की गाडी काय करणार, कुठे करणार, वर्षातून किती दिवस करणार. "ऑलराउंडर बनवायचीये" असं लिहिलं असेल तर कागद फाडा. पाणी, विंच, जनरेटर, वेल्डिंग आणि वर झोपायला तंबू हे सगळं एका चासीवर बसवलेली गाडी मी बघितलीय, ती आता एका वाडीत कोंबड्यांच्या उपयोगाला आहे.

आपल्याकडे खरी गरज कुठली आहे ते बघा ना. पेठ, सुरगाणा, हरसूल भागात पावसाळ्यात कच्चा रस्ता म्हणजे नुसता रबडा, साधा ट्रक चढत नाही. उन्हाळ्यात त्याच डोंगरांना वणवे लागतात आणि अग्निशमनची मोठी गाडी डांबरावरच थांबते. इकडे निफाड-दिंडोरीला ऐन द्राक्षाच्या तोडणीत अवकाळी आला की माल भरलेले पिकअप बागेच्या बांधावरच रुततात. यातलं एक काम निवडा. मी या लेखात उदाहरण घेतोय वणव्यासाठी छोटा पाण्याचा ट्रक, कारण त्यात चुका करायला सगळ्यात जास्त वाव आहे आणि आम्ही त्या केल्यात.

दुसरं: कुठला ट्रक

सैन्याचा जुना शक्तिमान ट्रक बघून सगळ्यांचं मन पाघळतं. माझंही. पण तो मूळ जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनायचा, १९९६ ला बंद झाला, म्हणजे सगळ्यात तरुण शक्तिमानसुद्धा आता तिशीला आलाय. हौस म्हणून अंगणात ठेवायला बेस्ट, रोजच्या कामाला नको. सैन्याच्याच जुन्या जोंगा आणि निसान वन टन या गाड्यांचंही तेच, गाडी सोन्यासारखी पण पार्टसाठी भंगारवाल्यांच्या मागे फिरण्यात आयुष्य जातं.

कामाला घ्यायचे दोनच, अशोक लेलँडचा स्टॅलियन आणि टाटाचा एलपीटीए ७१३, ज्याला लोक अडीच टनी म्हणतात. दोन्ही फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद, दोन्ही जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत जुळवलेले, दोन्हीला मागे सिंगल टायर. इंजिनाचं काम करणारा मिस्त्री आडगावच्या ट्रक टर्मिनलला किंवा द्वारकेच्या आसपास मिळून जातो, कारण इंजिनाचं घराणं सिव्हिल ट्रकचंच आहे. न मिळणारी वस्तू म्हणजे पुढचा ॲक्सल आणि ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा गिअरचा डबा), ते सिव्हिल गाडीला नसतंच. म्हणून बघायला गेलात की पहिले तिथे वाकायचं, बॉनेट नंतर.

अडीच टनी आणि स्टॅलियन यात नवीन माणसाने अडीच टनीच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. स्टॅलियन कच्च्यावर पाच टन आणि पक्क्यावर साडेसात टन नेतो हे खरं, पण वाडीवरच्या वळणावर तो वळत नाही आणि मोरीवर त्याचं वजन झेपेल का हा प्रश्न दरवेळी पडतो.

महापालिकांचे जुने फायर टेंडर? ते स्वप्न आता विसरा. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे वाढतच नाही, त्यात महापालिका आणि एसटीच्या गाड्यापण आल्या, त्यांनी थेट नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच जायचं. म्हणजे शिंगाडा तलावाच्या फायर स्टेशनला उभी असलेली एखादी जुनी लाल गाडी बघून लाळ गाळू नका, ती अख्खी तुमच्याकडे येणार नाही. तिचा पंप, होज रील, शटरचे कप्पे मात्र स्क्रॅपिंग केंद्राकडून पार्ट म्हणून घेता येतात आणि ते नव्यापेक्षा खूप स्वस्त पडतात.

तिसरं: लिलाव आणि कागद

मिल्ट्रीच्या गाड्या बहुतेक एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीच्या ऑनलाइन लिलावात निघतात. नाव नोंदवायचं, बयाणा भरायचा, दिलेल्या तारखांना डेपोत जाऊन गाडी बघायची, मग बोली. विक्री "जशी आहे जिथे आहे" या अटीवर, म्हणजे नंतर गिअरबॉक्स रिकामा निघाला तरी तोंड उघडायचं नाही. बोलीच्या आकड्यावर जीएसटी वेगळा, उचलायला दिवस ठरलेले, उशीर झाला की जागेचं भाडं, आणि गाडी चालत असली तरी नंबरप्लेट नाही म्हणून ती लोबेडवर, म्हणजे बुटक्या ट्रेलरवर टाकूनच आणायची. हे सगळं धरून बोली लावा. आमच्या पहिल्या गाडीला आम्ही नुसत्या बोलीचा हिशोब केला होता आणि लोबेडवाल्याने आकडा सांगितल्यावर दोघं पार्टनर एकमेकांकडे बघतच बसलो.

लॉटच्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. "फक्त नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रासाठी" असं असेल तर तो लॉट तुमचा नाही, कितीही चकाचक दिसू दे. आणि तुम्हाला हवा तो कागद म्हणजे फॉर्म २१, विक्रीचा दाखला. नवीन गाडीला तो डीलर देतो, लिलावातल्या मिल्ट्रीच्या गाडीला संरक्षण खात्याचा अधिकारी देतो, तसं त्या फॉर्मवरच छापलेलं आहे. सैन्यात असताना गाडीचा नंबर सैन्याचाच असतो, तो वर बाण असलेला, आरटीओशी संबंध नाही, पण सैन्याची मालकी संपली की मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० प्रमाणे ती आपल्यासारखीच होते, नोंदणी करावीच लागते. चासी नंबर, इंजिन नंबर फॉर्म २१ वर आणि लोखंडावर अक्षर न् अक्षर एकच आहे का ते डेपोतच बघा, वायर ब्रश आणि खडू खिशात ठेवा. मिल्ट्रीत इंजिन बदलणं रोजचं असतं, तेव्हा इंजिन नंबर जुळत नाही हे बऱ्याचदा होतं, आणि तो दुरुस्त करून घ्यायची जागा डेपोच. पेठ रोडच्या आरटीओत आल्यावर लक्षात आलं तर फेऱ्या मोजायच्या फक्त.

मध्यस्थाकडून गाडी घेत असाल तर फॉर्म २१ ची मूळ प्रत बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. "कागद येतायत" म्हणजे कागद नाहीत. मी असाच एकाचा शब्द धरून बसलो होतो, नऊ महिने गाडी ताडपत्रीखाली, शेवटी पार्ट करून विकली.

आता बदलाचा कायदा. कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या मूळ माहितीशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते आणखी ठणकावून सांगितलंय. म्हणून चासी कापणं, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) लांबवणं, स्वतःच्या मनाने दुसरं इंजिन टाकणं हे विषय डोक्यातून काढा. आपल्याला करायचंय ते फक्त चासीच्या वरचं, डेकच्या, म्हणजे मागच्या माल ठेवायच्या भागाच्या जागी टाकी किंवा कप्पे. तेसुद्धा ड्रॉइंग काढून, वजनाचा तक्ता जोडून, आरटीओची लेखी परवानगी हातात आल्यावरच, आणि नोंदणीच्या वेळी बॉडीचा प्रकार नीट चढवून घ्यायचा. एजंटने "करा हो नंतर बघू" म्हटलं तर एजंट बदला.

ज्यांना यात राहायची गाडी करायचीये, बेड, किचन वगैरे, त्यांच्यासाठी एकच सांगतो, मोटर कॅरॅव्हॅनला एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे आणि त्याची मंजुरी पुण्याच्या एआरएआयसारख्या टेस्टिंग संस्थेकडून घ्यावी लागते. एका जुन्या गाडीसाठी तो खर्च बघितला की लोक लोणावळ्याला हॉटेल बुक करतात.

"शेतातच फिरवायचीये, पासिंग कशाला" हा डायलॉग रोजचा. कलम ३९ मध्ये सार्वजनिक जागा "किंवा इतर कोणत्याही जागी" असं लिहिलंय. सूट आहे ती फक्त कारखाना किंवा कुंपणाच्या आत वापरण्यासाठीच खास बनवलेल्या गाडीला. तुमचा मळा ते नाही.

चौथं: गाडी बघायला जाताना

टॉर्च, पाना, जॅक, चुंबक, जुने कपडे. एकटे जाऊ नका, आपण प्रेमात असतो, सोबत एक शंकेखोर माणूस पाहिजे.

पुढच्या चाकांच्या आत जो मोठा गोळा दिसतो, तिथे तेलाचे ओघळ असतील तर सील गेलंय, ते ठीक, पण खालचा ड्रेन प्लग थोडा ढिला करू दिला तर बघा तेल कॉफीसारखं दुधाळ आहे का. असेल तर आत पाणी गेलंय आणि बेअरिंग गंजलेली धरा. चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा, खडखड आली तर किंगपिन नाहीतर हब बेअरिंग. ट्रान्सफर केसच्या प्लगला चुंबक लावा, बारीक काळी पेस्ट चालते, चमचमणारे तुकडे चालत नाहीत. हाय-लोचा आणि फोर बाय फोरचा लिव्हर सगळ्या जागी बसतो का बघा, वर्षानुवर्षं न हललेला लिव्हर जाम असतो.

मागे वाकलात की डिफरन्शिअलचा गोळा पांढरा रंगवलेला दिसेल, त्याच्यावर एक बारीक दिवा. नवीन पोरं विचारतात हे काय. रात्री सगळे लाइट बंद करून कॉन्व्हॉय, म्हणजे गाड्यांचा ताफा जाताना मागच्या ड्रायव्हरला फक्त तो पांढरा गोळा दिसतो, तेवढ्यावर अंतर ठेवून गाडी चालवायची. आम्ही आमच्या गाडीचा तो गोळा तसाच ठेवलाय.

किलोमीटर बघून फसू नका. वीस हजार किलोमीटर चाललेली गाडी पंधरा वर्षं उभी असते, आणि उभी राहिलेली गाडी चाललेल्या गाडीपेक्षा जास्त खराब होते. रबराचं जे जे आहे, ब्रेकचे होज, डायफ्रॅम, सील, फॅनबेल्ट, पाण्याचे पाइप, ते सगळं न बघता बदलायचं आहे असं धरूनच पैसे ठेवा. टायरवर चार आकडे असतात, २३१४ म्हणजे २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर, बटणं नवीकोरी दिसली तरी तो भंगार. डिझेल टाकीत तळाला चिकट गाळ असतो, टाकी उतरवूनच धुवा. नोझल आणि पंप मात्र आपल्या गावात करा, सातपूरला बॉश, म्हणजे आपल्या तोंडी अजून मायकोच, तिच्यामुळे नाशकात डिझेल पंपाचं काम कळणारा हात पिढीजात आहे.

पाचवं: काटा

हे नीट वाचा, बाकी विसरलात तरी चालेल.

गाडी ब्रेक-इंजिन करून हलती झाली, कागद झाले, की कटर हातात घ्यायच्या आधी वजनकाट्यावर न्या. तीन पावत्या करायच्या, अख्खी गाडी, नुसती पुढची चाकं, नुसती मागची चाकं. मग डेक काढा आणि परत तीन पावत्या. काटेवाला वैतागतो, चहा पाजा.

आता आमची टाकी. पार्टनर म्हणाला अडीच टनी आहे ना, मग दोन हजार लिटर टाकू, अर्धा टन शिल्लकच राहतंय. ऐकायला बरोबर वाटतं. मी कागदावर मांडलं. दोन मीटर लांब, सव्वा मीटर रुंद, ८० सेंटीमीटर उंच, झाले दोन हजार लिटर. सहा बाजूंचा पत्रा मिळून १०.२ चौरस मीटर. लोखंडी पत्रा एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाडीला ७.८५ किलो भरतो, हा आकडा पाठच करून ठेवा. चार मिलीचा पत्रा म्हणजे साधारण ३२० किलो. आतले आडवे पडदे ५०. सबफ्रेम, म्हणजे टाकी आणि चासीच्या मधली चौकट, १५०. पंप, इंजिन, होज रील १५०. पाणी २,०००. बेरीज २,६७०. म्हणजे अजून एकही माणूस, एकही फावडं वर चढलेलं नाही आणि अडीच टनाच्या वर गेलो पण. जुना डेक ४०० किलोचा निघाला, तो वजा जातो म्हणून वाचलो, पण स्टेपनी, दोर, टूलबॉक्स, मागची माणसं हे सगळं उरलेल्या २३० किलोत बसवायचं म्हणजे गंमतच. शेवटी टाकी अठराशे लिटरची केली. पार्टनर अजून टोमणे मारतो.

नुसती बेरीज पुरत नाही, वजन कुठे पडतंय ते पण बघायचं. हिशोब सोपा आहे, बाजारातल्या काट्याच्या दांडीसारखा. समजा व्हीलबेस चार मीटर आणि टाकीचा मध्य मागच्या ॲक्सलच्या अर्धा मीटर पुढे आहे, वजन तीन टन. तर पुढच्या ॲक्सलवर जातं तीन टनाला अर्ध्याने गुणून चाराने भागून, म्हणजे ३७५ किलो, आणि मागे २,६२५. टाकीचा मध्य जर मागच्या ॲक्सलच्याही मागे गेला तर पुढची चाकं उलट हलकी होतात, मग चढाला स्टिअरिंग नुसतं फिरतं आणि गाडी सरळच जाते. म्हणून टाकी कॅबिनकडे, पंप शेपटाला. आणि टाकी उंच नको, रुंद आणि बुटकी हवी. रुंदीची कायद्याची मर्यादा २.६ मीटर आहे, आणि मागे लोंबणारा भाग व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त नको, त्यामुळे शिड्या-बिड्या लावताना मोजा.

सहावं: सबफ्रेम, म्हणजे चासीला वळू द्या

फोर बाय फोरची चासी मुद्दाम पिळली जाईल अशीच असते. एक पुढचं चाक दगडावर चढलं की चासी पिळते, म्हणून बाकीची तीन चाकं जमिनीला धरून राहतात. आता हिच्यावर तुम्ही कडक टाकी चारही बाजूंनी बोल्ट मारून बसवली तर दोन गोष्टी होतात, एकतर टाकी फाटते नाहीतर चासी. टाकी फाटली तर नशीबवान.

विश्वास नसेल तर करून बघा. डेक काढलेल्या गाडीचं एक पुढचं चाक दीड फूट मातीच्या ढिगावर चढवा आणि मागे उभं राहून कॅबिनची मागची कड आणि चासीची रेघ बघा. आमच्या गाडीला कॅबिनच्या वरच्या कोपऱ्यात चांगला चार बोटांचा फरक पडला होता. तेवढी मोकळी जागा कॅबिन आणि टाकीच्या मधे सोडायचीच, वर थोडी जास्त.

पद्धत अशी की टाकी सबफ्रेमवर पक्की, आणि सबफ्रेम चासीवर मागच्या बाजूला घट्ट, पुढच्या बाजूला स्प्रिंगवाल्या बोल्टवर, म्हणजे चासी पिळली की पुढचा भाग थोडा उचलला जातो आणि परत बसतो. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग तर बापजन्मात नाही. उभ्या भिंतीत कंपनीची भोकं असतात, तीच वापरा. यू-बोल्ट लावत असाल तर चासीच्या पोटात ठोकळा घाला, नाहीतर आवळताना पट्टी चेपते, आणि तो ठोकळा सायलेन्सरजवळ लाकडाचा नको, लोखंडी घाला. बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचेच, डोक्यावर आकडा कोरलेला असतो. गाडीवर कुठेही वेल्डिंग करताना बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा आणि अर्थ अगदी शेजारी लावा, लांब लावला तर करंट बेअरिंगमधून रस्ता काढतो.

सातवं: टाकीच्या आतलं

बाहेरून टाकी कोणीही बनवतं. आत काय आहे तो प्रश्न. आमची पहिली टाकी आम्ही एका ओळखीच्याकडून करून घेतली, पडदे टाका म्हणून सांगितलं होतं, त्याने एक टाकला आणि तो पण तळापासून एक फूट वर. टाकी रंगवून बंद, आम्ही आत टॉर्च मारून बघितलंच नाही, चूक आमचीपण. अर्धी भरून सावळघाटातून उतरत होतो, वळणाआधी ब्रेक मारला, गाडी थांबत आली, आणि मग एका सेकंदाने मागून कोणीतरी धक्का दिल्यासारखी गाडी परत पुढे सरकली. मागे कोणीच नव्हतं. आतलं पाणी पुढे येऊन भिंतीवर आदळलं होतं. त्या दिवसापासून मी पूर्ण भरलेल्या टाकीला भीत नाही, अर्ध्या टाकीला भितो.

नवीन टाकीत दोन आडवे आणि एक उभा पडदा आहे, आडवा ब्रेकसाठी, उभा वळणासाठी. पडद्याला खाली कोपऱ्यात पाणी जायला कट, मधे माणूस शिरेल एवढं भोक, आणि एका पडद्याचं भोक दुसऱ्याच्या समोर येऊ द्यायचं नाही. वर झाकण माणूस उतरेल असं, आणि हवेची नळी मोठी, नाहीतर पंप जोरात ओढायला लागला की टाकी डब्यासारखी चेपते. आत उतरून काम करताना बाहेर दुसरा माणूस पाहिजेच, बंद टाकीत वेल्डिंगचा धूर आणि रंगाचा वास जीव घेतो.

रिकव्हरीवाल्यांसाठी टाकीच्या जागी विंच, तेवढंच वेगळं. विंचवर लिहिलेली ताकद ड्रमवर शेवटचाच थर उरलेला असताना असते, दोर जसा जास्त गुंडाळलेला तशी ती कमी होते. ओढताना दोरावर ओलं पोतं किंवा गोधडी टाका आणि बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षा लांब हाकला, तार तुटली तर चाबकासारखी येते.

आठवं: वायरिंग, आणि रंग

गाडी चोवीस व्होल्टची, दोन बॅटऱ्या. वायरलेस, मोबाइल चार्जर, एलईडी यांना बारा लागतात म्हणून लोक दोनपैकी एका बॅटरीवरून वायर काढतात. एक बॅटरी उपाशी, दुसरी उकळते, सहा महिन्यांत दोन्ही मेल्या. चोवीसचा बारा करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो लावा. नवीन प्रत्येक वस्तूला वेगळा फ्यूज. जुनी वायर कापण्याआधी दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर नाव, मिल्ट्रीच्या लाइट स्विचमध्ये कॉन्व्हॉयच्या जास्तीच्या पोझिशन असतात त्यामुळे अंदाजाने कापलंत तर इंडिकेटर लावल्यावर हॉर्न वाजेल.

रंगाचं दुःख मला कळतं पण ऑलिव्ह ग्रीन ठेवता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. पासिंगला नेण्याआधी रंग बदला. तसंच लाल-निळा दिवा आणि सायरन हौस म्हणून लावायचा नाही, तो ठरावीक इमर्जन्सी सेवांनाच, तुमचं मंडळ कितीही मदतकार्य करत असू दे. रिफ्लेक्टर टेप काम भागवते. विमा कंपनीला बॉडीतला बदल लेखी कळवा आणि पोहोच घ्या.

नववं: पहिल्यांदा बाहेर काढताना

हेवीचं लायसन्स असलेला माणूसच स्टिअरिंगवर. पहिल्या फेऱ्या रिकाम्या, मग पूर्ण भरून, आणि शेवटी अर्धी टाकी, तीपण मोकळ्या सपाट मैदानात.

फोर बाय फोर डांबरावर लावून ठेवायचं नाही. या गाड्यांना पुढचा-मागचा ॲक्सल एकमेकांना बांधला जातो, वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मातीत चाक घसरून तो फरक निघून जातो, कोरड्या डांबरावर निघत नाही आणि सगळा ताण शाफ्टमध्ये साठतो. आमच्या ड्रायव्हरने पेठ रोडला चढून दोन किलोमीटर तसंच आणलं, वळणाला टायर चीं चीं करायला लागले आणि लिव्हर काही केल्या निघेना. रागाने लिव्हरवर लाथा घालू नका, गाडी दहा-बारा फूट सरळ रिव्हर्स घ्या, ताण सुटतो आणि लिव्हर बोटाने निघतो.

पाण्यातून जाणार असाल तर ॲक्सलच्या डोक्यावरच्या ब्रीदरला, म्हणजे हवा जायच्या तोटीला नळी लावून ती कॅबिनपर्यंत वर आणा. तापलेला ॲक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं, ते दुधाळ तेल असंच तयार होतं. आणि ही नळी म्हणजे पुरात घुसायचं लायसन्स नाही. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलेलं असताना गोदाकाठी गाडी घालून व्हिडिओ काढणारे बघितलेत मी, वाहत्या पाण्यात टायर तरंगायला लागले की फोर बाय फोर काय आणि फोर बाय टू काय.

शंभर किलोमीटर झाले की सबफ्रेमचे सगळे बोल्ट परत आवळा, पाचशेला परत. प्रत्येक नट आणि पट्टीवर मिळून पांढऱ्या ऑइल पेंटची एक सरळ रेघ ओढून ठेवा, रोज सकाळी गाडी काढताना टॉर्च घेऊन खाली वाकायचं आणि रेघ तुटलेली दिसली तर पाना काढायचा. आमच्याकडे हे काम शेडवरच्या सगळ्यात लहान पोराचं आहे, त्याची नजर चांगली, आणि गाडीखालून उठताना डोकं आपटत नाही.